उंबरठ्याबाहेरचा वेश

साडी, परकर आणि पोलके हा भारतीय स्त्रीचा परंपरागत वेश मानला जातो. तो प्राचीन काळापासून असाच चालत आला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याची आजची घडण बव्हंशी एकोणिसाव्या शतकात झाली आणि तिच्यामागे हौसेपेक्षा संघर्षच अधिक होता.

या संघर्षाचे सर्वांत कठोर रूप त्रावणकोर संस्थानात दिसले. तेथे नाडार व इतर कनिष्ठ मानलेल्या जातींच्या स्त्रियांना वरिष्ठ जातींसमोर छाती झाकण्याची मुभा नव्हती. ख्रिस्ती झालेल्या नाडार स्त्रिया 'कुप्पायम' हा शिवलेला अंगरखा घालू लागल्या, तेव्हा भर बाजारात त्यांची वस्त्रे फाडली गेली. हा तंटा अनेक दशके धुमसत राहिला. अखेर २६ जुलै १८५९ च्या जाहीरनाम्याने नाडार स्त्रियांना ऊर्ध्वांग झाकण्याचा हक्क मिळाला. मात्र वरिष्ठ जातींच्या पद्धतीने वस्त्र घेण्याची मनाई कायम राहिली.

बंगालमधील प्रश्न निराळा होता. तेथील कुलीन स्त्रिया अंतःपुरात केवळ एक साडी गुंडाळून वावरत. आत परकर नसे, वर चोळी नसे. घराबाहेर पडण्याजोगा वेशच त्यांच्यापाशी नव्हता. आयसीएस झालेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ ठाकूर यांची १८६४ मध्ये मुंबई इलाख्यात नेमणूक झाली, तेव्हा पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांना कोणत्या वेशात न्यावे, असा पेच पडला. फ्रेंच शिंप्याकडून एक पोशाख शिवून घेतला, पण तो अंगावर चढवणेही जिकिरीचे झाले. मुंबईत पारशी सुधारक माणेकजी करसेटजी यांच्या घरी राहत असताना ज्ञानदानंदिनींनी पारशी स्त्रियांची नेसण आत्मसात केली. उजवा हात मोकळा राहावा म्हणून त्यांनी पदर डाव्या खांद्यावर घेतला आणि परकर-पोलक्यासह ही पद्धत बंगालमध्ये नेली. १८७१ मध्ये 'बामाबोधिनी पत्रिके'तून त्यांनी ती इतर स्त्रियांना शिकवण्याची तयारीही दर्शवली. बंगालमध्ये ही नेसण मुंबईच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

महाराष्ट्रात चोळी होती आणि काष्ट्याचे नऊवारी लुगडेही होते. तरीही समाजाच्या डोळ्यांत खुपले ते पायांतले बूट. १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात आनंदीबाई जोशी यांनी मुंबईतील अनुभव सांगितला. हातात पुस्तके घेऊन त्या शाळेला निघाल्या की लोक खिडक्यांतून डोकावत, गाड्या थांबवून पाहत, आणि बूट-मोजे घालून शाळेत जाणारी ही बाई कोण, असे त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारीत.

पुढे अमेरिकेतील थंडीत नऊवारीमुळे पोटऱ्या उघड्या पडू लागल्या, तेव्हा आनंदीबाईंनी गुजराती पद्धतीची पायघोळ साडी स्वीकारली. वेश बदलला, पण आपलेपण सोडले नाही. १८८५ मधील फिलाडेल्फिया येथील छायाचित्रात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्या शेजारी त्या साडीतच दिसतात. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

त्रावणकोरची रीत मोडण्यासाठी स्त्रियांना मार सोसावा लागला, बंगालची नेसण मुंबईहून आली, आणि मराठी आनंदीबाईंना परदेशात गुजराती नेसण उपयोगी पडली. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती अशी अनेक प्रांतांच्या देवाणघेवाणीतून आणि अनेकींच्या धैर्यातून सिद्ध झाली आहे.

आज मुलगी बूट-मोजे न घालता शाळेत आली, तर तिला कारण विचारले जाते. सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी ते घातल्याबद्दल भर रस्त्यात जाब विचारला जाई. या दोन प्रश्नांमधील अंतर चालून गेलेल्या स्त्रियांचे स्मरण शाळेने ठेवावे, हे उचितच होय.