तंबोऱ्याचे अर्धे तिकीट

आमच्या पाचोडात गोल आणि पिवळसर अशी एकच वस्तू लोक गंभीरपणे घेतात, ती म्हणजे मोसंबी. तिचा बाजार भरतो, तिच्या भावावर लग्ने ठरतात आणि मोडतातही. त्यामुळे मोसंबीपेक्षा चांगला पंचवीस-तीस पट मोठा असा तंबोऱ्याचा भोपळा घरात असूनही आमच्या घराण्याला गावात काडीची किंमत नव्हती. "मास्तरांच्या घरी एक भोपळा हाय, भाजी करीत न्हाईत," एवढीच त्याची ख्याती.

हा तंबोरा दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, १९५६ साली मिरजेहून आणला. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. त्याच महिन्यात तंबोरा पाचोडात आला. ह्यातली अधिक महत्त्वाची घटना कोणती, ह्याविषयी दादांच्या मनात कधीच शंका नव्हती. मिरज ते कुर्डुवाडी ही तेव्हा बार्शी लाइटची छोटी, अरुंद गाडी. सबंध प्रवास तंबोरा बाकावर आणि दादा खाली, असा झाला, असे आई सांगते. लग्न होऊन तीनच महिने झाले होते. नवरा गाण्याचे सामान घेऊन येणार म्हणून तिला वाटले, ग्रामोफोन येईल.

दादांचा आवाज चांगला होता असे मी म्हटले तर ते स्वतःच वरून हरकत घेतील. पण पहाटे साडेचारला उठून ते रोज तासभर षड्ज लावायचे. एकच सा. शेजारचे लोक त्यावर म्हशीचे दूध काढायला उठत. दादा १९९८ साली गेले आणि तंबोरा गवसणी घालून माळ्यावर गेला. शेजाऱ्यांनी गजराचे घड्याळ आणले.

गेल्या दिवाळीत साफसफाई करताना माझ्या हातून एक ट्रंक सुटली. 'हातून सुटली' असे म्हणायची पद्धत आहे. खरे म्हणजे आईने तीनदा सांगूनही मी शिडीवरून ती एकट्याने ओढली. ट्रंक भोपळ्यावर. जो आवाज झाला तो तंबोऱ्याने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत काढलेला पहिलाच. आई खालून काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

न्यू जर्सीतल्या पुतण्याचा त्याच संध्याकाळी फोन आला. त्याला गिटारचा नाद. त्याच्याकडे एक 'आर्चटॉप' जातीची गिटार आहे. साध्या गिटारचे पोट सपाट असते, हिचे व्हायोलिनसारखे फुगीर. आणि ते लाकूड वाकवून केलेले नव्हे, तर जाड फळी कोरून, मधूनमधून बोटाने टकटक करून कानाने पातळ केलेले. त्याने मला तासभर इतिहास ऐकवला. जाझच्या बँडमध्ये कर्ण्यांपुढे बिचाऱ्या गिटारचा आवाज पोचेना, म्हणून ही कोरीव पोटे आली. कालामाझू गावच्या गिब्सन कंपनीने लॉइड लोअर ह्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली १९२२ साली एल-५ नावाची गिटार काढली. पुढे न्यूयॉर्कच्या इटालियन वस्तीत जॉन डीअँजेलिको ह्या कारागिराने १९३२ पासून १९६४ साली मरेपर्यंत साडेअकराशेच्या आसपास गिटारी हाताने केल्या. आपल्या ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार-हरिप्रसादांबरोबर मांडीवर आडवी घेऊन वाजवली, तीही ह्याच जातीची. "काका, माझी गिटार दुरुस्तीला देऊन आठ महिने झाले," तो म्हणाला. "तो माणूस आधी माझीच मुलाखत घेत होता. कोण वाजवायचं, कसं वाजवायचं. तुम्ही तंबोरा नवा घेऊ नका हं. जिथे झाला तिथेच न्या."

हे सांगायला अमेरिका कशाला लागते, ते मला कळले नाही. पण घरचा माणूस बोलला की तो उपदेश, आणि न्यू जर्सीहून बोलला की तो सल्ला.

तंबोऱ्याला दोन गोधड्यांत गुंडाळून मी बीडकडच्या एसटीत चढलो. साडेचार फूट लांब, एका टोकाला गोल, गोधडीत गुंडाळलेली वस्तू. सगळी गाडी गप्प झाली.

"काय हाय ह्ये?" कंडक्टर.

"तंबोरा."

"जिता हाय का?"

मी झाकण उघडून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने हात जोडले. कंडक्टर म्हणाला, "देवाचं हाय म्हणता, तर लगेज नको. अर्धं तिकीट काढा, म्हंजे कुणी उठवायचं न्हाई." मी 'देवाचं' म्हटले नव्हते, पण शिटेचा प्रश्न होता. पुढे सोलापूरहून आगगाडी. कुर्डुवाडी-पंढरपूरवरून मिरजेला जाणारी तीच वाट, आता रुंद झालेली. २०१६ च्या दुष्काळात ह्याच मिरजेहून लातूरला गाड्या भरून पाणी आले होते. आमच्या मराठवाड्याला जे जे कमी पडते ते मिरजेहून येते, असे दिसते.

मिरजेत तंबोरे का होतात ह्याचे उत्तर मोठे मजेशीर आहे. तलवारी होईनात म्हणून. तिथले शिकलगार पिढ्यान् पिढ्या हत्यारांना धार लावणारे. पेशवाई बुडाली, इंग्रज आले, लढाया संपल्या आणि धारेला गिऱ्हाईक उरले नाही. दरबारी गवयांची वाद्ये मात्र मोडायची. उत्तरेतून आलेले वाद्य मोडले की उत्तरेलाच पाठवायचे, अशी पंचाईत. फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने ती दुरुस्त करता करता १८५० च्या सुमारास स्वतःच वाद्य घडवले. संस्थानिक पटवर्धनांनी आश्रय दिला, आणि वंशजांचे आडनावच 'सतारमेकर' झाले. अर्धे फारसी, अर्धे इंग्रजी, आणि माणूस अस्सल मिरजेचा. तलवार करणाऱ्या हाताने पुढे तंबोरा केला, अशी माहिती जगाच्या इतिहासात फारशी सापडत नाही. उलटी पुष्कळ सापडते.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो कडू असतो, म्हणून टिकतो. किडीलासुद्धा नको असतो. महिनोन् महिने वाळवायचा, मग भिजवून आतला गर काढायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मला ते सांगणारा दुकानदार म्हणाला, "सर्टिफिकेट आलं साहेब, आता पोरं आली पाहिजेत." १९७९ साली बंगळूरला विजेवरचा तंबोरा निघाला, आता तो फोनमध्ये आहे. तो फुटत नाही. त्यावर ट्रंक पडू शकत नाही. मला त्या क्षणी त्याचा हेवा वाटला.

माझा तंबोरा एका म्हाताऱ्या कारागिराने मांडीवर घेतला. भोपळ्याला हात फिरवून म्हणाले, "हे काही नाही. सांधतो, पॉलिश करतो, कळणारसुद्धा नाही." मी निःश्वास टाकला. मग त्यांनी घोडी उचलून उजेडात धरली. "खरं दुखणं हितं आहे, मास्तर." मी मास्तर नाही. पण मास्तरांच्या तंबोऱ्याबरोबर आलो होतो.

घोडी म्हणजे तबलीवरचा तो इवलासा बाक, ज्यावरून तारा जातात. तिची पाठ किंचित उतरती असते. तार तिला टेकते न टेकते अशी थरथरते, खाली सुताचा एक धागा सरकवला की एकदम असंख्य सूर फुलतात. हीच जवारी. सर चं. वें. रामन यांनी १९२१ साली ह्यावर शोधनिबंध लिहिला. पाश्चात्त्य शास्त्राप्रमाणे तार जिथे छेडली तिथले काही सूर निघूच नयेत, पण तंबोऱ्यात ते खुशाल निघतात. का, तर ही घोडी. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले. १९३७ साली दूर मद्रासकडे प्रवासात गेले, तरी दफन मिरजेच्या दर्ग्यातच. ते स्वतः आपल्या तंबोऱ्यांची जवारी लावायचे. गवई तंबोरा दुसऱ्याला देईल, जवारी देणार नाही.

आमच्या घोडीवर चार तारांच्या चार चरा पडल्या होत्या. बेचाळीस वर्षांच्या पहाटा. कारागीर म्हणाले, "ह्या घासाव्या लागतील. नाहीतर बोलणार नाही."

"आणि घासल्या तर?"

"तर जातील."

कानस त्यांच्या हातात. मी त्या चरांवरून नख फिरवले. ह्या माणसाच्या हातच्या वस्तू माझ्याकडे किती उरल्यात ते मोजायला लागलो. चष्मा. एक छत्री. मग म्हणालो, "घासा."

त्यांनी लगेच घासले नाही. "सूर कुठला ठेवू? वडील कशात गायचे? काळी एक? पांढरी दोन?"

जन्मभर त्या आवाजाने झोपमोड झाली म्हणून कुरकुर केलेला मी. मला ठाऊक नव्हते. शेवटी आईला फोन लावला. तिने आधी विचारले, जेवलास का. मग विचारले, तिकडे ऊन फार आहे का. मग मी सांगितले की दादांचा सा हवा आहे.

आई जन्मात गायली नाही. अंगाईसुद्धा चुलत्याच्या बायकोकडून म्हणवून घ्यायची. फोनवर क्षणभर कुकरची शिट्टी ऐकू आली, गॅस बंद केल्याचे ऐकू आले, आणि मग एक बारीक, कापरा, पण सरळ सा. कारागिरांनी पेटीवर बोट ठेवले. काढले. पुन्हा ठेवले.

"पांढरी दोन," ते म्हणाले. "एवढीशीसुद्धा हलत नाहीत आईसाहेब. कुणाकडं शिकल्या?"

"स्वयंपाकघरात," मी म्हणालो.

अकरा दिवसांनी तंबोरा परत आणला. येताना कंडक्टर दुसरा होता, त्याने पुरते लगेज घेतले. घरी ओसरीवर गोधड्या सोडल्या, भिंतीला टेकवून बसलो आणि कारागिराने शिकवल्याप्रमाणे एकेक तार छेडली. शेजारचा म्हातारा गोठ्यातून बाहेर आला, संध्याकाळचे सहा वाजले होते तरी हातात चरवी घेऊन. आई दाराशी डोळे मिटून उभी. मी पाच मिनिटे, दहा मिनिटे वाजवत राहिलो. म्हटले आता डोळे पुसेल.

"खर्ज उतरलाय," आई म्हणाली. "एसटीत आदळला असेल. चढव."

चार खुंट्यांतली खर्जाची कुठली, हे मी अजून शोधतो आहे.