गावातली आरोग्य कार्यकर्ती : एका कल्पनेचा इतिहास

वसई तालुक्यातील कळंब हे अर्नाळ्याच्या दक्षिणेचे समुद्रकाठचे गाव. अशा कोणत्याही गावात आज 'आशाताई कुठे राहतात?' असे विचारले, तर शाळकरी पोरही घर दाखवू शकेल. गरोदर बाईची नोंद करणे, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करणे, लसीकरणाच्या दिवशी मुले गोळा करणे ही तिची कामे. ही बाई डॉक्टर नाही, नर्सही नाही. ती गावातलीच एक सून किंवा आई आहे.

ही व्यवस्था आज इतकी सरावाची झाली आहे की ती पूर्वीपासूनच असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे सुमारे नव्वद वर्षांचे प्रयोग, अपयश आणि वादविवाद आहेत. हा इतिहास शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे, कारण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न शिक्षणाचा आहे : डॉक्टरकडच्या ज्ञानापैकी किती ज्ञान, कोणत्या रूपात, जेमतेम शिकलेल्या किंवा अजिबात न शिकलेल्या माणसाच्या हाती देता येते?

डॉक्टर गावात का पोचत नाही?

१९३० च्या दशकात चीनच्या उत्तर भागातील डिंग परगण्यात चेन झिच्यान या डॉक्टरांनी काम सुरू केले. तेथील बहुसंख्य खेड्यांत आधुनिक वैद्यक शिकलेले कोणीच नव्हते आणि डॉक्टर ठेवण्याइतका पैसा शेतकऱ्यांकडे नव्हता. म्हणून चेन यांनी गावातलेच शेतकरी निवडले आणि त्यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले. देवीची लस टोचणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे, विहिरीचे पाणी स्वच्छ राखणे आणि एका पेटीतल्या मोजक्या औषधांनी प्रथमोपचार करणे, एवढेच त्यांचे काम. १९३७ मध्ये जपानने आक्रमण केले आणि हा प्रयोग थांबला. पुढे १९६८ नंतर चीनमध्ये गाजलेल्या 'अनवाणी डॉक्टरां'च्या योजनेत हीच कल्पना देशभर पसरली. भाताच्या खाचरात अनवाणी राबणारा शेतकरीच उरलेल्या वेळात औषधोपचार करतो, म्हणून हे नाव.

भारताने मात्र सुरुवातीला वेगळी वाट धरली. १९४६ च्या भोर समितीने सरकारी आरोग्यसेवेचा भव्य आराखडा मांडला. प्राथमिक आरोग्य केंद्र ही त्याचीच देणगी. पण समितीतील बहुमताचा कल असा होता की, कमी मुदतीचे वैद्यकीय अभ्यासक्रम बंद करून पूर्ण शिकलेला डॉक्टरच तयार करावा. जुन्या पिढीला आठवणारे 'एल. एम. पी.' डॉक्टर त्यामुळे हळूहळू नाहीसे झाले. हेतू चांगला होता : खेड्यातल्या माणसाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का मिळावा? परंतु पूर्ण शिकलेला डॉक्टर शहरातच राहिला आणि खेड्याच्या वाट्याला दुय्यम दर्जाचाही डॉक्टर आला नाही.

नायजेरियातला तक्ता आणि डहाणूतले पाडे

याच सुमारास आफ्रिकेतल्या एका खेड्यात एक साधे साधन तयार झाले. पश्चिम नायजेरियातील इमेसी या गावात १९५० च्या दशकात डेव्हिड मोर्ले हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ काम करीत होते. कुपोषित मूल डोळ्यांना 'रोड' दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी प्रत्येक मुलासाठी एक तक्ता केला. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर वजन. दर महिन्याला एक ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडायचे. रेघ वर चढत असेल तर मूल ठीक आहे. रेघ आडवी झाली की मूल अजून हसतेखेळते असले तरी काहीतरी बिघडते आहे. हा तक्ता आईच्याच ताब्यात राही.

या आलेखाची खुबी अशी की तो वाचायला वैद्यकशास्त्र लागत नाही, रेघेची दिशा ओळखता आली की पुरे. आपल्या अंगणवाडीत भिंतीवर किंवा वहीत दिसणारा वृद्धितक्ता याच कुळातला.

आजच्या पालघर (तेव्हाच्या ठाणे) जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील कासा येथे १९७० च्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांच्या पुढाकाराने माता-बालक आरोग्य व पोषणाचा एक प्रकल्प चालला. विखुरलेले आदिवासी पाडे, मधे ओढे आणि डोंगर. अशा ठिकाणी स्थानिक अर्धवेळ कार्यकर्त्यांनी मुलांची वजने घ्यायची, वजनाच्या तक्त्यावरून धोक्यातले मूल हेरायचे आणि शक्य तेथे त्याच्यावर घरच्या अन्नानेच उपचार करायचे, अशी पद्धत वापरली गेली. सर्व मुलांकडे सारखेच लक्ष देण्याइतकी माणसे नसतील, तर कोणाकडे आधी पाहायचे हे तक्ता सांगत असे.

जामखेडचा धडा

सर्वांत दूरवर गाजलेला प्रयोग जामखेडचा. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये त्या वेळच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात आले. दोघेही वेल्लोरला शिकलेले. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेले.

त्यांनी प्रथम शिकलेल्या नर्सना गावोगावी पाठवून पाहिले. ते जमले नाही. परक्या गावात एकटीने राहणे तरुण नर्सला अवघड जाई आणि गावच्या बायका तिच्याशी मन मोकळे करीत नसत. तेव्हा गावातलीच एक बाई निवडून तिला शिकवावे, असा विचार पुढे आला. निवडलेल्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या होत्या.

आता या बायकांना शिकवायचे कसे? एकदाच तीन महिन्यांचा वर्ग घेऊन प्रमाणपत्र देण्याचा मार्ग आरोळे दांपत्याने टाळला. कार्यकर्त्या दर आठवड्याला जामखेडला येत आणि तेथे मुक्काम करीत. त्या आठवड्यात गावात काय घडले हे प्रत्येक जण सांगे. कोणाचे मूल जुलाबाने गेले, कोणती बाई अडली, यावर चर्चा होई आणि त्यातूनच पुढचा पाठ निघे. चित्रे, गाणी, वस्तू हे साहित्य. शिकलेले लगेच गावात वापरायचे आणि फसले तर पुढच्या आठवड्यात विचारायचे. निरनिराळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकाच छपराखाली झोपत. हाही शिक्षणाचाच भाग होता, कारण गावात गेल्यावर त्यांना सर्वांच्या घरात शिरायचे होते.

प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहण्याआधी दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. याचे श्रेय औषधांइतकेच स्वच्छ पाण्याला, जुलाबात द्यायच्या मीठ-साखर-पाण्याला, स्वच्छ बाळंतपणाला आणि आहाराला आहे. यातली बहुतेक कामे कार्यकर्तीच्या हातून किंवा तिच्या पाठपुराव्याने झाली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

देशभर एकदम : १९७७

प्रयोग यशस्वी झाला की सरकारने तो देशभर न्यावा, ही अपेक्षा रास्तच. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने जनस्वास्थ्य रक्षक योजना सुरू केली. हजार वस्तीमागे एक माणूस, तीन महिन्यांचे प्रशिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधे असे तिचे स्वरूप होते. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७८ मध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे जागतिक परिषद भरली. 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा तेथे झाली आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना जगभर मान्यता मिळाली.

भारतातील योजना मात्र लवकरच रोडावली. निवड गावाने करायची होती. पण पुष्कळ ठिकाणी वजनदार मंडळींच्या ओळखीतले पुरुष निवडले गेले. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना प्रवेश कसा मिळणार? औषधे वेळेवर येईनात. तीन महिन्यांनंतर शिकवायला आणि चुका दुरुस्त करायला कोणी नव्हते. योजनेची नावे बदलत गेली, पैसा आटत गेला. जामखेडमधून औषधांची पेटी उचलली गेली, पण आठवड्याचा वर्ग मागेच राहिला.

श्वास मोजणारे मणी

पुढचे पाऊल पुन्हा महाराष्ट्रातच पडले. १९८६ मध्ये डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. तेथे लहान मुलांच्या मृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया होते. उपचार स्वस्त होता, को-ट्रायमोक्साझोल हे तोंडाने द्यायचे औषध. अडचण निदानाची होती. खोकला तर सर्वच मुलांना होतो. साधा खोकला आणि न्यूमोनिया यांत फरक करायला स्टेथोस्कोप हवा, तो ऐकणारा कान हवा.

यातून मार्ग आधीच्या संशोधनाने दाखवला होता. न्यूमोनियात फुप्फुसाचा काही भाग सुजून ताठर होतो आणि रक्ताला प्राणवायू कमी पडतो. मूल ही तूट श्वासाचा वेग वाढवून भरून काढते. पापुआ न्यू गिनीतील डॉक्टरांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की नुसते श्वास मोजूनही न्यूमोनिया बऱ्यापैकी ओळखता येतो. त्यातून ढोबळ नियम बसवला गेला : दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्या मुलात ५० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका.

पण गावातल्या सुईणींना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हते, घड्याळही वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी 'सर्च'ने एक साधन बनवले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळाच्या ओळीत पाच हिरवे मणी आणि सहावा लाल, मोठ्या मुलाच्या ओळीत चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचे. सुईणीला दहापर्यंत मोजता आले की पुरे!

हे कितपत परिणामकारक आहे, हे पाहण्यासाठी रीतसर तुलना केली गेली. ५८ गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी व सुईणींनी उपचार केले; ४४ गावे तुलनेसाठी होती. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांखालील हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५, तर उपचाराच्या गावांत ८.१ होते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी न्यूमोनियावर गावातच कार्यकर्त्यांमार्फत उपचार करण्याची संयुक्त शिफारस केली.

यानंतर बंग दांपत्य नवजात बाळांकडे वळले. ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना घरोघर जाऊन बाळ तपासणे, ऊब राखणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोष झाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे शिकवण्यात आले. इंजेक्शन गावातल्या बाईच्या हाती द्यायचे? हा आक्षेप क्षुल्लक नव्हता, चूक झाली तर जीव बाळाचा. त्याला उत्तर मोजमापानेच देता आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तिसऱ्या वर्षी या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता, तुलनेच्या गावांत ५९.६.

आशाताई

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि 'आशा' हे नाव रूढ झाले. आधीच्या योजनेपासून काही धडे घेतले गेले : कार्यकर्ती स्त्रीच असावी, ती गावातली असावी, प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने व्हावे. २०११ पासून नवजात बाळाची घरी काळजी हे कामही तिच्याकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला बेचाळीस दिवसांत सहा भेटी आणि घरी जन्मलेल्याला सात. सर्व भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये असा दर ठरला.

जुना प्रश्न मात्र नव्या रूपात उभा आहे. आशा ही 'स्वयंसेविका' मानली गेल्याने तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. इथिओपियाने २००३ मध्ये खेड्यांसाठी अशीच योजना आखली, पण तेथील स्त्रियांना वर्षभराचे प्रशिक्षण आणि सरकारी वेतन दिले. आपल्याकडे करोनाच्या साथीत आशा घरोघर फिरल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. बाईच्या हाती विश्वासाने दिलेले ज्ञान जीव वाचवते हे सिद्ध झाले आहे. त्या कामाची किंमत काय, हे अजून ठरायचे आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. दोन विद्यार्थी समोरासमोर बसवा. एकाने वाचत राहावे, दुसऱ्याने त्याला न सांगता त्याचे मिनिटाचे श्वास मोजावेत. नंतर सांगून पुन्हा मोजावेत. आकडे का बदलले?

२. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर उत्तर तेच येते का? बाळाचा श्वास अनियमित असतो. मग पूर्ण मिनिट मोजायला का सांगितले असेल?

३. तार, मणी आणि वाळू वापरून मणी-मापक तयार करा. मग गावातल्या आशाताईंना वर्गात बोलवा आणि त्या बाळाचे श्वास कसे मोजतात ते करून दाखवायला सांगा. त्या दिवशी तासाच्या शिक्षिका त्या असतील.