वऱ्हाडातील ग्रामनामे आणि पर्जन्याधीन वनस्पती

वऱ्हाडच्या वनस्पतींचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पहिली अडचण पडते ती साधनांची. आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तोवर, १८५३ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आलेल्या या प्रांतात अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) कापसाला अपूर्व भाव आणून दिला होता. म्हणजे तपशीलवार वर्णन हाती येते, ते काळ्या जमिनीवर नांगर फिरल्यानंतरचे. त्यामागील काळासाठी अभ्यासक ग्रामनामांकडे वळतो.

अकोला जिल्ह्यातील हिवरखेड, बोरगाव मंजू, पळसो बढे आणि अमरावती जिल्ह्यातील तिवसा ही नावे वृक्षवाचक दिसतात. हिवर व बोर ही कोरड्या, चराईने झिजलेल्या जमिनीतही तग धरणारी झाडे. पळस भारी, चिबड जमिनीसही भीत नाही. तिवस हा मात्र आज मुख्यत्वे डोंगरी जंगलातला वृक्ष आणि तिवसा हे गाव सपाटीवरचे. अकोल्यास वर्षाकाठी सुमारे ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, मेळघाटातील चिखलदऱ्यास त्याच्या जवळजवळ दुप्पट. हे ध्यानात घेतले की तिवशाच्या परिसरात पूर्वी पर्जन्यमान अधिक असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. वृक्ष नाहीसा होण्यास कुऱ्हाड पुरेशी असते. शिवाय वसाहत करणारे लोक जुन्या गावाचे नाव बरोबर नेतात, आणि नाव पडते ते बहुधा विपुल झाडावरून नव्हे, तर ओळख पटविणाऱ्या एकट्या झाडावरून.

व्युत्पत्तीचे धोके याहूनही मोठे आहेत. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीच्या पूर्वपदात साल वृक्ष शोधणे व्यर्थ होय, कारण तो वऱ्हाडचा नव्हे. सालई असणे संभवनीय, पण सिद्ध नाही. अंजनगावात अंजन वृक्ष आहे की कोणी अंजना, हेही नुसत्या नादसाम्यावरून ठरत नाही. महानुभाव गद्याची परंपरा याच जिल्ह्यातील रिद्धपूराशी निगडित आहे. त्या वाङ्मयातील स्थळनामांची जुनी रूपे जुळविल्याखेरीज अशा व्युत्पत्तींवर इमारत रचू नये.

अवर्षणाचा परिणाम खऱ्या अर्थाने दिसतो तो गवतांत. खोल काळ्या जमिनीवरील मारवेल आणि मुरमाड उतारावरील पवन्या ही बहुवर्षायू गवते. पाऊस लागोपाठ हुकला व त्यातच गुरे मोकळी सुटली, की त्यांचे ठोंब मरतात; मोकळ्या जागी कुसळ पसरते, आणि त्याहीपुढे एकाच पावसाळ्यात उगवून बी टाकणारी हलकी गवते येतात. ही बीजे जमिनीत सुप्त राहून पुढील सरींची वाट पाहू शकतात. ठोंबाला ती सोय नाही. येथे वर्षाची बेरीज फसवी ठरते. आषाढ कोरडा जाऊन भाद्रपदात तेवढेच पाणी एकदम कोसळले, तर आकडा सरासरीचाच राहतो, कुरण मात्र बदलते. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात माणसांबरोबर गुरेही मोठ्या संख्येने मेली. चराईचा भार अशा रीतीने अकस्मात हलका झाल्यावर पुढील चांगल्या पावसात गवत सावरले, तर त्याचे श्रेय एकट्या पावसाला देता येणार नाही. पाऊस व गुरे यांचा हिशेब वेगळा मांडण्याची ही अडचण वऱ्हाडापुरती नाही. आफ्रिकेतील साहेल प्रदेशाविषयी १९७० नंतर झालेला वाद याच मुद्द्याभोवती फिरला.

वृक्ष पावसाच्या फेरफाराला सावकाश उत्तर देतो. गवत दोनचार वर्षांत देते. परंतु ग्रामनामांत वृक्ष पदोपदी भेटतात, गवते क्वचितच. जो साक्षीदार पर्जन्याविषयी सर्वांत लवकर बोलतो, त्याचे नाव गावाला लाभलेले नाही. म्हणून अकोला व अमरावती जिल्ह्यांपुरते तरी हे संशोधन ग्रामनामांच्या यादीवर थांबून भागणार नाही. जमाबंदीच्या कागदांतील गायराने, पडीक व कुरणे यांच्या नोंदी आणि गुराख्यांच्या तोंडची गवतांची नावे एकत्र तपासावी लागतील.