परिषदेच्या पहिल्याच दिवशी मालक बदलला : एक डेटाबेस आणि गोंदियाचे मालगुजारी तलाव

२० एप्रिल २००९, सोमवार. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे मायएसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसची वार्षिक परिषद त्या दिवशी सुरू होत होती. व्याख्यानांची वेळापत्रके छापून तयार होती. आणि सकाळीच बातमी आली : ओरॅकल ही कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सला सुमारे ७.४ अब्ज डॉलरना विकत घेणार आहे.

मायएसक्यूएल सनच्या मालकीचे होते. ओरॅकल म्हणजे व्यापारी डेटाबेसच्या बाजारातील सर्वांत बलाढ्य कंपनी. ज्याला पर्याय म्हणून हजारो संकेतस्थळांनी मायएसक्यूएल स्वीकारले, तोच आता त्याचा धनी होणार होता. परिषदेतील ठरलेले विषय बाजूला पडले आणि मार्गिकांमधून एकच चर्चा सुरू झाली : आता याचे काय होणार?

थोडे मागे जाऊ. मायएसक्यूएलचा जन्म १९९५ मधला, स्वीडनमधील कंपनीत. मायकेल ‘माँटी’ विडेनियस हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या ‘माय’ नावाच्या मुलीवरून हे नाव पडले. सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली सर्वांना खुले होते. मात्र संहितेचे स्वामित्वहक्क एकाच कंपनीकडे होते. ज्याला जीपीएलच्या अटी नको असतील त्याला तीच कंपनी पैसे घेऊन वेगळा परवाना देत असे. व्यवसाय उत्तम चालला. पण त्यामुळे सामायिक वाटणारी वस्तू विकत घेता येण्याजोगीही राहिली.

खरेदी दोनदा झाली. जानेवारी २००८ मध्ये सनने सुमारे १ अब्ज डॉलर देऊ केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील परिषदेत वादाची पहिली ठिणगी पडली : बॅकअपच्या काही सुविधा केवळ पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाच मिळतील, असे कंपनीने सूचित केले. समुदायाने इतका गदारोळ केला की पुढच्याच महिन्यात माघार घ्यावी लागली. त्याहून आधी, २००५ मध्ये, ओरॅकलने इनोबेस ही लहानशी फिनिश कंपनी विकत घेतली होती. मायएसक्यूएलमधील महत्त्वाचे साठवण-इंजिन, इनोडीबी, तिचेच. म्हणजे घराचा पाया शेजाऱ्याच्या नावावर आधीच चढला होता. २००९ मध्ये घरही गेले.

हा प्रश्न पूर्व विदर्भाला नवा नाही. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातील हजारो तलाव आणि बोड्या आजही ‘मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखल्या जातात. गोंड राजवटीत कोहळी समाजाने यातील बहुतेक बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय याच परंपरेतला. धानाला पाणी मिळे आणि त्या बदल्यात गावकरी पाळ दुरुस्त करीत, गाळ काढीत. देखरेख मालगुजाराची. (ही व्यवस्था न्याय्य होती असा भाबडा समज नको. मालगुजार जमीनमालक होता आणि वेठीचा अनुभव पुष्कळ घरांनी घेतला आहे.)

मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला. तलाव सरकारजमा झाले. पुढे त्यांची जबाबदारी सिंचन विभाग आणि जिल्हा परिषद यांच्यात वाटली गेली. मालकीहक्क एका दिवसात हस्तांतरित झाला, पण पाळ कोणी पाहायची, गाळ कधी काढायचा, पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचे, या सवयी त्या कागदाबरोबर गेल्या नाहीत. अनेक तलाव गाळाने भरत गेले. तलाव कोणी पळवून नेला नव्हता. तो जागच्या जागी होता. त्याला राखणारे हात मात्र सुटे झाले.

मायएसक्यूएलबाबत भीती नेमकी हीच होती. जीपीएलमुळे प्रसिद्ध झालेली संहिता कोणी परत घेऊ शकत नव्हते. परंतु नाव, बोधचिन्ह, स्वामित्वहक्क आणि रोज ती संहिता राखणारे पगारी अभियंते मालकाकडे जाणार होते. विडेनियस यांनी फेब्रुवारी २००९ मध्येच सन सोडले होते. त्यांनी संहितेची वेगळी शाखा काढली आणि तिला धाकट्या मुलीचे, मारियाचे, नाव दिले : मारियाडीबी. डिसेंबरमध्ये त्यांनी युरोपीय आयोगाने हा व्यवहार रोखावा म्हणून जाहीर मोहीम उघडली. ओरॅकलने पाच वर्षांसाठी दहा जाहीर वचने दिली आणि जानेवारी २०१० मध्ये आयोगाने संमती दिली. माझ्या मते विडेनियस यांची भूमिका पूर्ण निर्मळ नव्हती. पहिल्या विक्रीचा लाभ त्यांनाही झालाच होता. पण त्यामुळे त्यांचा प्रश्न खोटा ठरत नाही.

याच काळात दुसरा एक डेटाबेस विक्रीच्या पलीकडे उभा होता. पोस्टग्रेस बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून १९८६ मध्ये सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेसएसक्यूएल हे नाव मिळाले आणि जुलै २००६ मध्ये टोरांटोत दहाव्या वर्धापनाची परिषद भरली. त्याला मालक कंपनी नाही. काम करणारे अनेक कंपन्यांत विखुरलेले, त्यांतली एक पुण्यात मोठे कार्यालय असलेली एंटरप्राइझडीबी. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीच्या नोंदींत आशुतोष बापट हे नाव आहे. विभागलेल्या दोन तक्त्यांची जुळणी विभागशः करण्याची सुविधा त्यांच्या नावे नोंदली आहे. गोंदियाच्या राइस मिलच्या भाषेत सांगायचे तर, धानखरेदीची आणि चुकाऱ्याची वही दोन्ही सालवार बांधलेल्या असतील, तर २०१६ ची वही २०१६ च्याच वहीशी ताडायची. सगळा ढीग एकत्र उलथायची गरज नाही.

पोस्टग्रेसवरही प्रसंग आलाच. सप्टेंबर २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीने सेकंडक्वाड्रंट ही दुसरी मोठी पोस्टग्रेस कंपनी घेतली. तोवर पाच जणांच्या मुख्य मंडळातील तिघे एकाच छताखाली आले. एका कंपनीकडे निम्म्याहून अधिक जागा नसाव्यात, असा तेथील संकेत. नोव्हेंबरमध्ये आंद्रेस फ्रॉइंड आणि जोनाथन कॅट्झ यांना घेऊन मंडळ सातांचे केले गेले. पाचांतील तिघे सातांतील तिघे झाले. न्यायालय नाही, युरोपीय आयोग नाही. दोन खुर्च्या वाढवल्या.

आणि सांता क्लाराची ती परिषद? त्या एप्रिलमध्येच त्याच आठवड्यात पर्कोना या कंपनीने तेथेच आपली वेगळी परिषद भरवली होती. मूळ परिषद २०११ नंतर थांबली. एप्रिल २०१२ मध्ये त्याच गावी, मायएसक्यूएलच्याच वापरकर्त्यांसाठी परिषद भरली, ती पर्कोनाने बोलावलेली. मारियाडीबीसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान निघाले, कंपनीही निघाली. ती कंपनी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली आणि २०२४ मध्ये के-१ या गुंतवणूक संस्थेने विकत घेतली.