विष्णुपुरी परिसरातील संशोधनाचे वैविध्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरातील भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या भिंती व जड माळवद अशी घरांची रचनाही या जीवितहानीस कारणीभूत होती. त्यामुळे हा प्रश्न केवळ भूशास्त्राचा राहिला नाही. घरबांधणीमुळे तो अभियांत्रिकीचा, तर पुनर्वसनामुळे अर्थशास्त्राचा व समाजशास्त्राचाही झाला.

त्यानंतर वर्षभरातच, १७ सप्टेंबर १९९४ या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्याचा परिसर नांदेडजवळील विष्णुपुरी येथे आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेली श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थाही तेथेच आहे. विद्यापीठाने संकुल पद्धती स्वीकारली; भूशास्त्र, सामाजिक शास्त्रे, वाणिज्य व व्यवस्थापन यांची स्वतंत्र संकुले उभी राहिली.

गोदावरीवरील विष्णुपुरी उपसा सिंचन प्रकल्पाचा विषयही असाच बहुशाखीय आहे. पाणी उचलणे हे अभियांत्रिकीचे कार्य, तर त्याचे न्याय्य वाटप हा विकासाचा प्रश्न होय. सारांश, संशोधनविषयांची संख्या वाढणे पुरेसे नाही. प्रदेशाच्या एकाच प्रश्नावर विविध ज्ञानशाखा एकत्र येतात काय, हीच या वैविध्याची खरी कसोटी होय.