विसराळूपणाचे फायदे

स्मरणशक्तीचं कौतुक आपल्याकडे फार. मला मात्र विसराळू माणसांबद्दल पहिल्यापासून जिव्हाळा आहे, आणि संगणकाच्या इतिहासातलं एक प्रकरण कळल्यापासून तो वाढलाच आहे.

१९८२ साली कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला हे जन्माने पुण्याचे. म्हणजे थोडा हक्क आपलाही पोचतो. त्या काळी डिस्क भलतीच महाग. म्हणून ‘सन-३/५०’ सारखी वर्कस्टेशनं बिनडिस्कची निघाली. टेबलावर पडदा, कळफलक, मेंदू सगळं झकास. पण घरात तांदळाचा दाणा नाही! कोठार एकच, ते म्हणजे सर्व्हर. चालू व्हायचं तरी प्रोग्रॅम तिथूनच मागून आणायचा. साहजिकच कोठाराला कुलूप पडलं की सगळ्या आळीला उपास.

यावर सनच्या मंडळींनी त्याच सुमारास एनएफएस नावाची पद्धत काढली. तिची गंमत अशी, की सर्व्हरने कोणाचं काहीच लक्षात ठेवायचं नाही! कोणी कुठली फाईल उघडली, कुठवर वाचली, त्याला पत्ता नसतो. मागणाऱ्याने दर खेपेला पूर्ण अर्ज करायचा: अमुक फाईल, अमुक ठिकाणापासून, इतका मजकूर.

पंगतीतला वाढपी आठवा. तो मध्येच चक्कर येऊन पडला, तर पाणी मारून उठवल्यावर कोणाचा कितवा भात, हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. जेवणारे ‘भात, भात’ करत बसलेलेच असतात. इथेही तेच. पडद्यावर ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे’ अशा अर्थाची ओळ येई आणि यंत्र तोच अर्ज पुन्हा पुन्हा धाडत राही. सर्व्हर उठला की काम तिथूनच पुढे चालू. आठवायचं काही नव्हतंच, तर विसरणार काय?

अट मात्र एक होती. मजकूर डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हरने ‘लिहिलं’ म्हणायचं नाही. त्यामुळे लिहिणं संथ होई. पण नाहीतर ‘लिहिलं’ म्हणून सर्व्हर आडवा व्हायचा आणि एखाद्याची दिवसभराची मेहनत त्याच्याबरोबर जायची. विसराळू माणूस चालतो हो, थापाड्या चालत नाही.

अडचणी होत्याच. ‘ही फाईल पुसा’ म्हटलं, सर्व्हरने पुसली, पण तसं कळवायच्या आत कोसळला. उठल्यावर तोच अर्ज पुन्हा हजर! सर्व्हर साळसूदपणे म्हणणार, ‘अशी फाईलच नाही.’ शिवाय एका फाईलवर दोघांनी एकदम लिहू नये म्हणून कुलूप लावायचं, तर ते कोणी लावलंय हे कोणीतरी लक्षात ठेवायलाच हवं. त्यासाठी वेगळा कारकून नेमावा लागला.

शेवटी २००० साली एनएफएसची चौथी आवृत्ती आली आणि तिने सर्व्हरलाच स्मरणशक्ती बहाल केली. तेव्हापासून कोसळून उठला की त्याला आधी ठरावीक मुदतीत जुन्या कुलपांचे दावे ऐकावे लागतात. नव्या गिऱ्हाइकाने कुलूप मागितलं, तर उत्तर एकच: ‘जरा थांबा, जुन्यांचं आटपू द्या.’