उजवा कुणाचा, डावा कुणाचा?

शरीररचनाशास्त्रात उजवे-डावे ठरते ते रुग्णाच्या बाजूने. समोर उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला म्हणून दर वेळी मनातल्या मनात बाजू उलटवावी लागते. रुग्ण पालथा असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. ज्यांना मुळातच उजवे-डावे चटकन उमगत नाही, त्यांची इथे फार ओढाताण होते. हा बुद्धीचा दोष नव्हे.

तरीही चुकीच्या बाजूची शस्त्रक्रिया म्हणजे एकट्या सर्जनचा हलगर्जीपणा, असेच बराच काळ मानले गेले. १९९४ मध्ये कॅनडातील अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने शस्त्रक्रियेच्या जागी सर्जनने आद्याक्षरे लिहावीत, अशी मोहीम काढली. १९९८ मध्ये अमेरिकेतील संघटनेनेही तीच वाट धरली. खूण करायची ती रुग्ण जागा असताना, त्याला विचारून, सहज न पुसणाऱ्या मार्करने. जंतुनाशक फासून, हिरवी कापडे अंथरल्यावरही ती दिसली पाहिजे. फुली मात्र टाळायची, कारण तिचा अर्थ कुणी ‘इथे नको’ असाही घेईल.

२००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी-यादी आली. त्वचेला छेद देण्याआधी सगळ्यांनी थांबायचे आणि रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया व जागा मोठ्याने म्हणायची.